सेव्हिलहून एका दिवसात कुठे?

प्रश्न: मंडळी, मेमध्ये चार दिवस स्पेनमध्ये सेव्हिलला मुक्काम आहे. गाडी चालवायची नाही, रात्री परत यायचं. कोर्दोबा, रोंदा, कादिस यातलं काय जमेल?

उत्तर: कोर्दोबा आधी. सांता हुस्ता स्टेशनहून 'आवे' ही वेगवान रेल्वे ४५ मिनिटांत पोचवते. तिकीट उशिरा काढाल तर महाग; मग 'मेदिया दिस्तान्सिया' ही मध्यम पल्ल्याची साधी गाडी बघा, वेळ जास्त पण भाडं कमी. आवेला सामान एक्स-रेतून जातं, वीस मिनिटं आधी पोचा. मेस्कितात (जुनी मशीद, आता कॅथेड्रल) सोम ते शनि सकाळी ८:३० ते ९:३० प्रवेश फुकट, लाल-पांढऱ्या कमानींखाली गर्दीही विरळ. मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे अंगणांचा उत्सव असतो, गाड्या भरतात.

उत्तर: रोंदाला बसच बरी, साधारण दोन तास. आधी परतीची शेवटची बस बघा, मग सकाळचं तिकीट काढा; लोक फसतात ते इथेच. दरीवरचा १७९३चा पूल, पुएन्ते नुएवो, नुसता वरून बघून फिरू नका. जवळपास १०० मीटरची ती उंची खालच्या पायवाटेवरूनच कळते. चढ आहे, सपाता नकोत.

उत्तर: कादिसला रेल्वेने जा, स्टेशन जुन्या शहराला खेटूनच. अर्धाच दिवस उरला तर सेव्हिलच्या प्लासा दे आर्मास बस स्थानकाहून जवळच्या सांतिपोंसे गावाची बस पकडा, तिथे इतालिका या जुन्या शहराचे रोमन अवशेष बघा. सोमवारी बंद! सावली नावाला, पाणी न्या.