आजीच्या तोरणाचे मणी आईच्या कानटोपीत घालायचे आहेत, सल्ला हवा

सुलट_उलट (सातारा):
आजीने केलेलं मण्यांचं तोरण दोरा तुटून गळायला लागलं, तेव्हा मणी गोळा करून डब्यात ठेवले होते. आई रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने फिरायला जाते. डिसेंबरात तिथला वारा कानाला सहन होत नाही. तेच मणी घालून तिला कानटोपी विणायची आहे. साधी टोपी जमते, मणी कधी घातले नाहीत. लोकर 4 मिमीच्या सुयांवर चालणारी, जांभळी. मणी आधी ओवून घेऊ की विणताना एकेक घालू?

लोकरवेडी:
एकेक घाला. आधी ओवले तर मणी लोकरीवर घासत राहतात, लोकर पिंजते, आणि मोजणी चुकली की लोकर तोडावी लागते. क्रोशाची अगदी बारीक स्टीलची सुई घ्या, पाऊण मिमीच्या आसपासची. मोती चौकात, खणआळीत विचारून बघा. आरीची सुई नको, तिच्या टोकाने लोकर फाटते. मणी क्रोशाच्या सुईत ओवायचा, डाव्या सुईवरचा टाका आकड्यात धरून काढायचा, मणी त्यावर उतरवायचा, टाका परत सुईवर घेऊन सुलट विणायचा.

कृष्णाकाठ (सांगली):
ताई, त्या रीतीत मण्यातून लोकर दुहेरी जाते. या जाडीला 6/0 मणी, म्हणजे साधारण 4 मिमीचा, तोही घट्टच बसतो. 8/0 जेमतेम 3 मिमी, 11/0 तर 2 मिमी. तोरणाचे मणी बहुधा बारीकच असतात. आधी लोकर दुमडून एका मण्यातून जाते का पाहा.
नाही गेली तर मणी बारीक, पक्क्या जांभळ्या दोऱ्यात ओवा आणि तो दोरा लोकरीसोबत धरून विणा. मणी हवा तिथे दोन्ही पुढे आणा, एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, मणी सरकवून त्याच्यासमोर ठेवा, दोन्ही मागे नेऊन पुढचा टाका विणा.
तोरणात नळ्या असतील तर त्या मात्र घालू नका. त्यांच्या कडा धारदार असतात. तुमचा दोरा त्यांनीच कापला असेल. लाल मणी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवून रंग सुटत नाही ना, तेही बघा.

सुलट_उलट:
लोकर जात नाही, तेव्हा दोराच. नळ्या बऱ्याच निघाल्या, बाजूला काढल्या. लाल मण्यांचा रंग टिकला. आईचं डोकं 54 सेमी, टाके किती घालू?

लोकरवेडी:
दोऱ्याचं खरं आहे, माझ्या ध्यानात आलं नाही. टाके मोजायला आधी छोटा तुकडा नमुना म्हणून विणा, तोही दोरा धरूनच. 10 सेमीत 22 टाके आले तर 108 घाला, 49 सेमी होतील. टोपी डोक्याहून चार-पाच सेमी लहानच हवी, तरच ताणून बसते. बॉर्डर दोन सुलट दोन उलट, आणि तिच्यात मणी नकोत, वरून मफलर बांधला की कानाला टोचतात. वर दर सहाव्या टाक्यावर मणी, दर चौथ्या फेरीला, प्रत्येक वेळी तीन टाके सरकवून. मण्यांच्या आठ फेऱ्या पुरेत. धुताना थंड पाणी, पिळायचं नाही.
पुढे कुणा तान्ह्यासाठी टोपडं विणलंत तर मणी अजिबात नकोत. सुटला की तोंडात जातो.

सुलट_उलट:
नमुना झाला, माझे 24 टाके आले. म्हणून 120 घालते. फेरीत 20 मणी, आठ फेऱ्यांना 160. लाल मोजले, 173 आहेत.