ऑटिझमची थेरपी आणि ‘निरामय’ विमा

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. आमच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले असून स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचा सराव) सुरू केली आहे. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बसत नाही. सरकारी विम्यातून काही मिळते का, हे कुणास ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

ए-१०२ : ताई, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत असले, तरी ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर आठवड्याची थेरपी त्यात बसत नाही. तुमच्या उपयोगाची आहे ती नॅशनल ट्रस्टची, म्हणजे ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना. तिची वार्षिक मर्यादा १ लाख रुपये असून त्यात थेरपीसाठी २० हजार आहेत. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला नोंदणीसाठी ५०० रुपये, तर रेषेखालील कुटुंबाला २५० रुपये लागतात. विशेष म्हणजे या विम्यासाठी आधी वेगळी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही आणि निदान पूर्वीचे आहे म्हणून कुणी नाकारत नाही. माझ्या भाचीसाठी आम्ही हीच योजना घेतली आहे.

मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) हाती आल्याशिवाय यातले काहीही पुढे सरकत नाही, म्हणून जिल्हा रुग्णालयातील तपासणीसाठी आजच अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सी-५०१ : दादा, ही योजना कॅशलेस आहे का? आणि २० हजारांत वर्ष कसे निघणार?

ए-१०२ : कॅशलेस नाही, काका. आधी पैसे भरून मग दावा करायचा, आणि दावा अडतो तो बिलांवर. भाचीच्या थेरपी केंद्राने महिनाअखेरीस एकाच ओळीत ‘थेरपी शुल्क’ लिहून एकरकमी बिल दिले होते. ते परत आले. आता आम्ही प्रत्येक सत्राची तारीख, थेरपीचा प्रकार, थेरपिस्टची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेले बिल मागून घेतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी जोडतो आणि ३० दिवसांच्या आत मूळ कागद पाठवतो.

रक्कम अपुरी आहे, यात शंकाच नाही. वर्षानुवर्षे थेरपी लागणाऱ्या मुलांसाठी ती वाढायलाच हवी. तोवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे सरकारी केंद्र) १८ वर्षांखालील मुलांना मिळणाऱ्या मोफत सेवेचीही चौकशी करावी. जुन्या करप्रणालीत असाल, तर दिव्यांग अवलंबितासाठी आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास ती १ लाख २५ हजार होते. ऑटिझमसाठी या वजावटीच्या प्रमाणपत्राचा नमुना (१९६१ च्या कायद्याखाली १०-आयए) वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो.

बी-३०४ : मनःपूर्वक आभार. नोंदणी वर्षभरात केव्हाही करता येते का?

ए-१०२ : करता येते, पण पॉलिसीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असल्यामुळे उशिरा नोंदणी केल्यास उरलेल्या महिन्यांचेच संरक्षण मिळते. कागद जमले की मला कळवा, अर्ज आपण एकत्र बसून भरू.