प्रति: १०० तासांचा गेम म्हणजेच पैसे वसूल?

'जितके तास जास्त, तितके पैसे वसूल' हे वरच्या पोस्टमधलं व्हिडिओ गेमचं गणित कॉलेजात असताना मलाही पटायचं. तेव्हा सुट्टी दोन महिन्यांची असायची हो! आता अंबडला ड्युटी, सिडकोत घरी यायला आठ, पोरगं झोपेपर्यंत साडेदहा. हातात उरतो पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं अपडेट खातं.

'विचर ३' हा लांबलचक गेम मी तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा त्यातल्या वेलेन नावाच्या भागातल्या दलदलीत अडकलो. पंधरा दिवसांनी परत उघडावा तर कुठलं बटण कशाचं हेच आठवत नाही, आणि भुतं अंगावर आलेली.

उलट 'पोर्टल' (२००७) चार रात्रींत संपला. एक बंदूक, तिने भिंतीत पाडलेली दोन भोकं, एकातून शिरायचं नि दुसऱ्यातून निघायचं, बस्स. तेवढ्यातूनच नवनवीन कोडी निघतात आणि कल्पना शिळी व्हायच्या आत गेम आटोपतो. पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) पण दोन रविवारांत होतो.

तरी सरसकट 'लहान तेच चांगलं' म्हणणार नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' सारख्या मोठ्या गेममध्ये नुसतं घोड्यावर रमतगमत जाण्यातच मजा आहे, तेच कापलं तर राहणार काय? माझा राग आहे तो गेमच्या नकाशाभर पेरलेल्या ठिपक्यांवर, म्हणजे नुसते तास वाढवणाऱ्या किरकोळ कामांवर. तर्री संपल्यावर गरम पाणी ओतून रस्सा वाढवावा, तसलं ते.

सेलमध्ये घेतलेला 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' हा असलाच अवाढव्य गेम अजून तसाच पडलाय. इथे कोणी खरंच शेवटपर्यंत खेळलंय का?