जास्त आलेला भत्ता परत मागतायत, काय करू?

काल भत्ता देणाऱ्या ऑफिसचं लेटर आलं, म्हणे दोन वर्षं भत्ता जास्त जमा झालाय, सगळा परत करा. पगार वाढला तेव्हा मीच कळवलं होतं, चूक त्यांची आणि पैसे तर केव्हाच संपले, एकदम कुठून आणू? झोप उडालीये.

> घाबरून लगेच भरू नका. महिन्यावार हिशोब लेखी मागा. माझ्या केसमध्ये एक महिना दोनदा धरलेला, पेनाने गोल करून दाखवला तेव्हा कुठे आकडा उतरला.

> अपीलची मुदत बघा आधी, बऱ्याचदा मागच्या पानावर बारीक अक्षरात असते. आणि अपील वेगळं, माफीचा अर्ज वेगळा बरं का. अपील म्हणजे मी देणं लागत नाही, माफी म्हणजे लागतो पण झेपत नाही. लोक इथेच घोळ घालतात.

> नाहीच जमलं तर घरखर्चाचा कागद जोडून हप्ते मागा. गप्प बसलात तर पुढच्या भत्त्यातून परस्पर कापू शकतात, माझे कापले.

थँक्स सगळ्यांना. कळवल्याचा जुना मेल सापडला, तारखेसकट! उद्याच प्रिंट काढतो.