वेतनकरारात परस्पर सन्मानाचे कलम घालावे का, आणि घातल्यास कसे?

सातपूरकर (प्रश्न)

आमचा कारखाना नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवतो. मी युनियनच्या कार्यकारिणीवर आहे. सध्या वेतनकराराच्या वाटाघाटी सुरू आहेत. या वेळच्या मागणीपत्रात आम्ही प्रथमच कामाच्या ठिकाणी होणारा छळ आणि अपमान हा मुद्दा घातला होता. त्याला विरोध होईल अशी अपेक्षा असताना व्यवस्थापनाने उलट ‘आपण दोघे मिळून धोरण करू’ असा प्रस्ताव ठेवला आणि एचआरने दोन पानी मसुदाही दिला.

तक्रारींचे स्वरूप सांगतो. उत्पादन कमी पडले की सगळ्या लाइनसमोर उभे करून शिवीगाळ होते, रजा मागितली की टोमणे ऐकावे लागतात, नावडत्या माणसाला मुद्दाम महिनोन्‌महिने सर्वांत जड मशीनवर ठेवले जाते आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाव घालून पाणउतारा केला जातो. लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती आहे, पण या बाकीच्या प्रकारांसाठी काहीच नाही. त्रास देणारे सगळे सुपरवायझरच असतात असेही नाही. आमचे काही जुने सभासद प्रशिक्षणार्थी मुलांशी ज्या पद्धतीने वागतात, ते पाहून मान खाली जाते.

सभासदांमध्ये यावरून दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, आज ज्या कागदावर आपण सही करू त्याच कागदाचा आधार घेऊन उद्या आपल्याच माणसांना चार्जशीट (शिस्तभंगाचे आरोपपत्र) मिळेल. दुसऱ्या गटाला वाटते की ही संधी पुन्हा येणार नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

श्रमविधी (पुणे, कामगार न्यायालयात वकिली)

सही करावी, परंतु ज्या कागदावर ती करायची तो कागद बदलून घ्यावा. एचआरच्या पुस्तिकेतील धोरण व्यवस्थापनाला एका परिपत्रकाने बदलता येते. वेतनकरारातील कलम तसे एकतर्फी बदलता येत नाही. कराराची अंमलबजावणी न करणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यातील चौथ्या अनुसूचीनुसार अनुचित कामगार प्रथा आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तिचा समावेश आहे. म्हणजे मसुदा तोच राहिला तरी तो करारात गेला की त्याला न्यायालयात उभे राहण्याची ताकद येते. शक्य असल्यास करार समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) करावा, कारण तसा करार सभासद नसलेल्या कामगारांनाही लागू होतो, तर आपापसात केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता राहतो.

तक्रार कोणाकडे करायची, यासाठी नवीन समिती निर्माण करण्याची घाई करू नका. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे संहितेच्या कलम ४ नुसार बंधनकारक आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान असतात, एकूण सदस्य दहापेक्षा अधिक नसतात, अध्यक्षपद एक वर्ष मालकाकडे तर एक वर्ष कामगारांकडे जाते आणि कामकाज तीस दिवसांत पूर्ण करायचे असते. याच कलमातील एका तरतुदीकडे फारसे कोणी पाहत नाही: निर्णय बहुमताने होत असला तरी कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची संमती नसेल, तर निर्णय झालाच नाही असे मानले जाते. तुमच्या पहिल्या गटाच्या भीतीला यात बरेच उत्तर आहे, कारण युनियनच्या माणसांना बाजूला सारून ही समिती कोणाविरुद्ध निष्कर्ष काढू शकत नाही. अर्थात, याच तरतुदीमुळे युनियनला आपल्या सभासदाला पाठीशी घालणेही शक्य होते, हे विसरू नये.

ट्रॅकमन (टोरंटो)

मी मूळचा भुसावळचा. येथे एका रेल्वे कंपनीत काम करतो आणि आमच्या यार्डाच्या सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी आहे. कॅनडात रेल्वे, बँका, विमानसेवा, दूरसंचार अशा संघराज्याच्या अखत्यारीतील उद्योगांना १ जानेवारी २०२१ पासून छळ आणि हिंसा प्रतिबंधाचे नियम लागू आहेत. त्यांतील एक गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. धोरण मालकाने करायचे आणि युनियनने त्यावर मत द्यायचे, अशी रचना येथे नाही. धोरण समितीबरोबर बसून संयुक्तपणे तयार करावे लागते आणि किमान तीन वर्षांतून एकदा त्याचा संयुक्त आढावा घ्यावा लागतो.

धोरणाआधी आणखी एक पायरी आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोग तिचाच होतो. कामाच्या ठिकाणी छळाला पोषक असे काय आहे, याची पाहणी दोन्ही बाजूंनी एकत्र करायची असते. मनुष्यबळ कमी असूनही लक्ष्य तेवढेच आहे का, कामाचे वाटप एकाच व्यक्तीच्या मर्जीवर आहे का, रात्रपाळीला तक्रार घेणारे कोणी असते का, अशा गोष्टी त्यात येतात. तुमच्याकडील जड मशीनचे उदाहरण घ्या. ते काम पाळीपाळीने कोणाला द्यायचे याचा तक्ता फलकावर लागला, तर सुपरवायझरच्या हातातील एक हत्यार कोणतीही चौकशी न करता काढून घेतले जाते. शिस्तभंगाच्या कलमांवर वाद घालण्यात वाटाघाटींचा वेळ जातो आणि हे साधे काम राहून जाते.

तक्रार आल्यावर मालकाने सात दिवसांत तक्रारदाराशी संपर्क साधायचा असतो आणि संपूर्ण प्रक्रिया एका वर्षात संपवायची असते. चौकशी करणारी व्यक्ती दोन्ही बाजूंना मान्य असावी लागते. साठ दिवसांत एकमत झाले नाही, तर राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राच्या यादीतून निवड होते. एक वर्ष ही मुदत मला फार वाटते. तुमचे तीस दिवस कितीतरी बरे, ते पाळले गेले तर.

क्युबेक प्रांताने तर मानसिक छळाविरुद्धच्या तरतुदी १ जून २००४ पासून प्रत्येक सामूहिक कराराचा भाग आहेत असे कायद्यानेच ठरवून टाकले. त्यामुळे तेथील युनियनला ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणण्याची सोयच उरली नाही.

निवृत्त कार्मिक अधिकारी (ठाणे)

मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, त्यामुळे माझे मत त्या हिशेबाने वाचावे. व्यवस्थापन अशा प्रस्तावाला तयार होते ते केवळ सद्‌भावनेपोटी नव्हे. जो सुपरवायझर माणसे टिकू देत नाही, तो उत्पादनालाही महाग पडतो, आणि त्याला आवरण्यासाठी वरिष्ठांना कधी कधी बाहेरच्या दबावाची गरज असते. युनियनने ही गरज ओळखून वाटाघाटी कराव्यात.

युरोपातील मालक संघटना आणि कामगार महासंघ यांनी २६ एप्रिल २००७ रोजी छळ आणि हिंसेविषयी जो आराखडा करार केला, तो मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. त्यात गोपनीयता, विनाविलंब चौकशी, दोन्ही पक्षांना निःपक्षपाती सुनावणी आणि तपशिलासह तक्रार यांचा उल्लेख आहे. खोट्या आरोपांवर कारवाई होऊ शकते असेही म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य मात्र आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नका. सिद्ध न झालेली तक्रार आणि जाणूनबुजून केलेली खोटी तक्रार यांत फरक आहे, आणि तो करारात शब्दांत लिहिलेला नसेल तर एक मेमो निघाला की पुढे कोणीही तोंड उघडत नाही. मी हे घडताना पाहिले आहे.

त्याच वेळी, काम नीट झाले नाही म्हणून कारण देऊन, सभ्य भाषेत विचारणा करणे हा छळ नव्हे, हे वाक्यही असू द्या. ते नसेल तर तुमचे कलम महिनाभरात थट्टेचा विषय होईल.

माजी ट्रेनी (चाकण)

वर सगळे कायम कामगारांबद्दल बोलत आहेत. मी प्रशिक्षणार्थी असताना मला शिव्या देणारा माणूस युनियनचाच होता आणि तक्रार करायची तर ती युनियनच्या प्रतिनिधीकडेच करावी लागणार होती, कारण एचआरच्या दारात जाणारा ट्रेनी पुढच्या बॅचमध्ये दिसत नाही. ज्यांना मत नाही आणि वर्गणीही भरता येत नाही, त्यांची तक्रार कोण घेणार, हे आधी ठरवा.

श्रमविधी

हा आक्षेप अगदी योग्य आहे. जिनिव्हा येथे २१ जून २०१९ रोजी मंजूर झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार आणि करार कोणत्याही स्वरूपाचा असलेले सर्व काम करणारे यांना संरक्षण दिले आहे. भारताने त्याचे अनुसमर्थन (औपचारिक स्वीकार) केलेले नसल्यामुळे न्यायालयात त्यावर विसंबता येणार नाही, पण दोन पक्षांनी त्यातील व्याप्ती आपल्या करारात उतरवून घेण्यास कोणाचीही हरकत असू शकत नाही. आणखी एक फरक उपयोगी पडेल: युरोपच्या करारात छळासाठी वर्तन पुन्हा पुन्हा घडलेले असावे लागते, तर जिनिव्हाच्या करारानुसार इजा किंवा नुकसान करणारी अथवा करू शकणारी एक घटनाही पुरेशी आहे. तुम्ही दुसरी व्याख्या घ्या.

कंत्राटी कामगारांचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो, म्हणून जबाबदारी मुख्य कंपनीवर टाकणारे स्वतंत्र वाक्य लागेल. तसेच तक्रार केल्यापासून ठरावीक काळात तक्रारदाराचे प्रशिक्षण किंवा काम थांबवायचे झाल्यास कंपनीने समितीला लेखी कारण द्यावे, अशी अट घाला.

सातपूरकर

सर्वांचे आभार. कार्यकारिणीत काल चर्चा झाली. कलम करारातच घालायचे, मशीनवाटपाचा तक्ता लावायचा आणि व्याप्तीत ट्रेनी व कंत्राटी कामगार घ्यायचे, यावर एकमत झाले. अडचण एकाच जागी आहे: तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघेही सभासद असतील तर युनियनने कोणाची बाजू घ्यायची? जुने सभासद म्हणतात की वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही.

ट्रॅकमन

सोडूच नका. दोघांना दोन वेगळे प्रतिनिधी द्या आणि त्या दोघांनी त्या प्रकरणाबद्दल आपापसात बोलायचे नाही असा नियम करा. आमच्याकडे कायद्याने युनियनवर प्रत्येक सभासदाचे न्याय्य प्रतिनिधित्व करण्याचे बंधन आहे, त्यामुळे ही पद्धत रुळली आहे. बचावाचा हक्क म्हणजे प्रक्रिया नीट होते की नाही हे पाहण्याचा हक्क. त्याने केले ते योग्य होते असे युनियनने म्हणायची गरज नसते. शिक्षा अतिरेकी वाटली तर तिच्याविरुद्ध युनियनने जरूर लढावे.

श्रमविधी

आणि जो प्रतिनिधी दोघांपैकी एकाच्या लाइनवर काम करतो, त्याने त्या प्रकरणापुरते समितीत बसू नये, हे वाक्य त्याच कलमात घाला. मसुदा तयार झाला की सही होण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत मराठीतून वाचून दाखवा आणि ट्रेनींनाही त्या सभेला बसू द्या.