टीजीएफ-बीटा देऊनही ए५४९ पेशींच्या आक्रमणात फरक का दिसत नाही?

प्रश्न : पेशीजाल

ए५४९ (फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा) पेशींत ईएमटी (एकमेकींना चिकटून राहणाऱ्या एपिथेलियल पेशींचं सुट्या, फिरत्या पेशींत रूपांतर) घडवून त्यांची आक्रमकता मोजायची आहे. १०% सीरमच्या मीडियममध्ये प्लेट जवळजवळ भरली की टीजीएफ-बीटा१ (ईएमटी सुरू करणारं संदेशक प्रथिन) देतो, ५ नॅनोग्रॅम प्रति मिलि, ७२ तास. पेशी थोड्या लांबट होतात. पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांचं प्रमाण बघण्याची चाचणी) पेशी जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन जेमतेम उतरतं, ईएमटीत वाढायला हवं ते व्हिमेंटिन दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत सारखंच आणि ईएमटीचं नियंत्रक प्रथिन स्नेल तर दिसतच नाही. मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या आधारजाळीसारखं जेल) लावलेल्या, ८ मायक्रोमीटर छिद्रांच्या इन्सर्टमधून (सच्छिद्र तळाचा छोटा कप) ४८ तासांत दोन्ही गटांच्या पेशी सारख्याच खाली उतरतात. वेस्टर्नसाठी पेशी ट्रिप्सिनने सोडवतो. ईएमटी झालंच नाही असं धरायचं का?

उत्तर : ब्लॉटवाला

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. आधी ट्रिप्सिन बंद करा. ट्रिप्सिन-ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं आणि मग ई-कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग सहज कापला जातो. म्हणजे दोन्ही नमुन्यांतला १२० किलोडाल्टनचा बँड मुळातच बिघडलेला आहे, त्यांची तुलना कशी करणार? प्लेट बर्फावर ठेवा, थंड पीबीएसने धुवा, लायसिस बफर थेट प्लेटवर घाला आणि स्क्रेपरने खरवडून घ्या.

भरलेल्या प्लेटवर टीजीएफ-बीटा देणं ही दुसरी अडचण. पेशी एकमेकींना घट्ट चिकटल्या की जोड सहजी सुटत नाहीत. ३० ते ४० टक्के भरल्यावर द्या, आणि त्याआधी रात्रभर ०.५ ते १ टक्का सीरमवर ठेवा. सीरममध्ये स्वतःचं टीजीएफ-बीटा असतं, बहुतांश सुप्त. त्यामुळे 'न दिलेला' गटही पूर्ण कोरा नसतो.

व्हिमेंटिनचं नवल नाही. ए५४९ मध्ये ते आधीपासूनच असतं. ईएमटीत वाढणारी फायब्रोनेक्टिन आणि एन-कॅडहेरिन बघा. स्नेल ७२ तासांनी शोधण्यात अर्थ नाही: जीएसके-३-बीटा हे विकर त्यावर फॉस्फेट लावतं, मग ते प्रोटिअसोममध्ये (पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा) जातं, अर्धायुष्य जेमतेम अर्धा तास. त्याचा एमआरएनए पहिल्या काही तासांत मोजा. उशिराच्या टप्प्यासाठी झेब१ हे दुसरं नियंत्रक प्रथिन बघा. ते आणि मायक्रोआरएनए-२०० एकमेकांना दाबून धरतात, म्हणून एकदा पारडं फिरलं की ते टिकतं.

टीजीएफ-बीटा जिवंत आहे का हेही तपासा. ते प्लास्टिकला चिकटतं. ४ मिलिमोलर एचसीएलमध्ये १ मिग्रॅ/मिलि बीएसए घालून त्यात विरघळवा, छोटे भाग करून उणे ८०ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. ३० ते ६० मिनिटांनी फॉस्फो-स्मॅड२ (टीजीएफ-बीटाचा सिग्नल पेशीत पोचल्याची खूण) चढला नाही, तर पुढचे तीन दिवस फुकट जाणार. एका प्लेटला अर्धा तास आधी एसबी४३१५४२ (टीजीएफ-बीटाचा ग्राही रोखणारं रसायन, १० मायक्रोमोलर) द्या. तिथे हा सिग्नल बंद पडायला हवा.

उत्तर : इन्सर्ट२४

मोजणीबद्दल. ४८ तास फार झाले. टीजीएफ-बीटा पेशींची वाढ मंदावतं, न दिलेल्या पेशी मात्र दुप्पट होत राहतात. खाली उतरलेल्यांत आक्रमण किती आणि वाढ किती, ते मग वेगळं करता येत नाही. २२ ते २४ तासांवर थांबा.

शिवाय ८ मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मायक्रोमीटर भरतं. एमएमपी (पेशींभोवतीची जाळी कापणारी विकरं) रोखल्यावर कोलॅजनच्या जाळीत कॅन्सरपेशींचं केंद्रक अडकून पडतं ते सुमारे ७ चौरस मायक्रोमीटरच्या भोकाशी. तेव्हा उघडं छिद्र पेशीला ऐसपैस आहे; अडवायचं काम एकट्या मॅट्रिजेलचं. थर विरळ किंवा फाटका असेल तर तुम्ही आक्रमण नव्हे, नुसतं स्थलांतर मोजताय.

मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळू द्या, टिप आणि इन्सर्ट थंड ठेवा. १० अंशांच्या वर ते गोठू लागतं आणि गाठी होतात. सीरमविरहित थंड मीडियममध्ये ०.२ ते ०.३ मिग्रॅ/मिलि करून २४-वेलच्या इन्सर्टमध्ये १०० मायक्रोलिटर, मग ३७ अंशांवर दोन तास. ग्रोथ-फॅक्टर कमी केलेलं मॅट्रिजेलच घ्या, साध्यात टीजीएफ-बीटा असतं. वर सीरमविरहित मीडियममध्ये ०.१% बीएसएसह जिवंत मोजलेल्या ५०,००० पेशी, आणि टीजीएफ-बीटा चालू ठेवा. काढून घेतलं तर पेशी हळूहळू परत उलट्या फिरतात. खाली १०% सीरम. सोबत मॅट्रिजेल न लावलेलं इन्सर्ट हवंच. त्यातून उतरलेल्या पेशींच्या किती टक्के मॅट्रिजेलमधून उतरल्या, तो आकडा खरा. एमएमपी रोखणाऱ्या जीएम६००१ने तो घटला, तर एमएमपीचा हात आहे म्हणायचं.

पेशीजाल

दोघांचेही आभार. हे सगळं नीट करूनही ई-कॅडहेरिन बरंचसं राहिलं आणि आक्रमण मात्र वाढलं, तर लिहायचं काय?

उत्तर : स्लाइडखाली

'अर्धवट ईएमटी' लिहा, बिनधास्त. पाठ्यपुस्तकातलं चित्र, म्हणजे सगळे जोड तोडून एकटी निघालेली तर्कूसारखी पेशी, ऊतीत कमीच दिसतं. २०१७ साली डोके-मानेच्या स्क्वॅमस कार्सिनोमाच्या १८ रुग्णांच्या गाठींतल्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. तोंडाच्या गाठींच्या कडेला, फायब्रोब्लास्टला लागून असलेल्या पेशींत लॅमिनिन, टीजीएफबीआय, पोडोप्लॅनिन वाढलेले होते, पण केराटिनसारख्या एपिथेलियल खुणा शाबूत होत्या. ईएमटीच्या नेहमीच्या नियंत्रकांपैकी ठळक सापडला तो स्नेलच्याच कुळातला स्लग. झेब किंवा ट्विस्ट नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड आपल्याकडे रोज बघाव्या लागतात, त्यांतही पेशी बहुधा पट्ट्यांनी नि पुंजक्यांनीच आत घुसतात.

उलट बाजूही आहे. स्तनाच्या लोब्युलर कार्सिनोमात सीडीएच१ जनुकच बिघडून ई-कॅडहेरिन जातं, पेशी एकामागे एक रांगेत पसरतात, तरी केराटिन कायम असतं. म्हणजे ई-कॅडहेरिन जाणं हे ईएमटीचं पुरेसं लक्षण नाही, आणि आक्रमणासाठी ते जावंच लागतं असंही नाही.

म्हणून ब्लॉटवर विसंबू नका. तो लाखो पेशींची सरासरी देतो. कव्हरस्लिपवर ई-कॅडहेरिन आणि फायब्रोनेक्टिन दोन रंगांत रंगवा. ई-कॅडहेरिन पेशीपटलावर सलग आहे, तुटक आहे की आत ओढलं गेलंय, हे तिथेच कळेल. एकूण प्रमाण तेवढंच राहूनही जागा बदललेली असू शकते. इन्सर्टचंही तेच: वरची बाजू कापसाने पुसण्याआधी एक पडदा कापून वर-खाली दोन्हीकडे रंगवून बघा. खाली उतरलेल्यांतच ई-कॅडहेरिन तुटक दिसलं, तर ब्लॉटमधला किरकोळ फरक का होता ते वेगळं सांगायला नको.