मदत हवी आहे: नवा मीरशम पाइप कसा सुरू करावा?

तंबाखू ओढायचा पाइप आहे, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा, मीरशम या मऊ पांढऱ्या दगडातून अखंड कोरलेला. ब्रायरच्या लाकडी पाइपसारखी आधी अर्धी वाटी (तंबाखू भरायची जागा) भरून काजळीचा थर बसवायचा का? तोंडाची नळी काढताना करकरते, जोर लावला तर चालेल? रंग लवकर चढायला बाहेरून काही लावतात का?

प्रतिसाद १
आधी नळीचं, कारण पाइप तुटतो तो बहुतेक वेळा तिथेच. गरम असताना नळी काढूच नका. पूर्ण गार झाल्यावर दांडी (वाटीला जोडलेला दगडी भाग, ज्यात नळी बसते) मुळाशी धरा आणि नळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच फिरवत ओढा. नव्या पाइपांत दांडीच्या आत प्लॅस्टिकची आट्यांची बुशी बसवलेली असते. उलट फिरवलं की नळीऐवजी ती सुटू लागते आणि दगडातल्या आट्या भुगा होऊन झडतात.

काजळी बसवायची नाही. ब्रायरचं लाकूड जळू नये म्हणून तो थर लागतो. मीरशम हे खनिज, ते जळत नाही. उलट काजळी तापली की दगडापेक्षा जास्त फुगते आणि वाटीला आतून तडा देते. पहिल्याच दिवशी वाटी पूर्ण भरा, फक्त सावकाश ओढा. गार झाल्यावर टिश्यूपेपरचा बोळा आत फिरवून वाटी पुसा, दांडीतून पाइप क्लीनर घाला. राख काढायला पाइप आपटू नका.

प्रतिसाद २
थर आधीच बसला असेल तर रीमर (काजळी खरवडायचं हत्यार) नको. २२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हळूहळू उतरवा, दगड दिसू लागला की थांबा.

रंगासाठी वरून काहीच लावू नका. कोरल्यावर पाइप मधमाशांच्या मेणात बुडवलेला असतो. उष्णतेने मेण सैल होतं आणि तंबाखूचा अर्क आतून मुरत पृष्ठभागाकडे येतो. बहुधा आधी दांडी आणि वाटीचं बूड पिवळं पडतं, मग मधाळ, मग तपकिरी. मेण मऊ असताना बोट लागलं की ठसा उमटतो, म्हणून गरम पाइप नळीला धरूनच हाताळा.

धागाकर्ता
आभार! काठावर काळपट डाग पडलाय, तो जाईल का?

प्रतिसाद १
लायटरची ज्योत काठाला चाटली असणार. गार पाइपवर किंचित ओलसर सुती कापड फिरवून पाहा. नुसती काजळी असेल तर निघेल. दगडात मुरली असेल तर घासत बसू नका, काठावरचं कोरीवकाम झिजेल. पुढे काडी वापरा, गंधक जळून जाऊ द्या आणि ज्योत तंबाखूच्या मधोमध धरा. जेट लायटर मात्र नकोच.